दुधावाचूनची पंगत

शेंगदाण्याचं दूध फाटत नाही असं कोणी सांगतलं, तर त्यानं ते कधी उकळलंच नाही असं खुशाल समजा. फाटते. नारळाचंही फाटते. बदामाच्या दुधाले तर आल्याचा नुसता हात लागला तरी चिंध्या होतात. मी तिसरी पास माणूस, सहीशिवाय फारसं लिहीत नाही, पण या दुधांबद्दल माझ्यासमोर कोण्या शिकलेल्यानं बोलू नये. चाळीस वर्षं रायपुरात आपल्या मराठी लोकांच्या घरचा स्वयंपाक केला. ब्राह्मणपाऱ्यात खोली, खोलीत चार झारे, दोन कढया आणि एक सायकल. लग्न, बारसं, तेरवी, महालक्ष्म्या, जे घर बोलावंन त्या घरी गेलो. हिंदी लोक 'महाराज' म्हणत, मग आपलेही महाराजच म्हणायले लागले.

इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "महाराज, दिवाळी अंकात धंद्यातल्या गमती लिहा." एक गमत आहे, ती आधी सांगून टाकतो. त्याच्या पुढचं गमतीचं नाही.

छत्तीसगढ नवं नवं वेगळं झालं तेव्हाची गोष्ट. शहरात साहेब लोक वाढले, जिथे धान उभं राहत होतं तिथे कॉलन्या उभ्या झाल्या. अशाच एका मोठ्या साहेबाच्या घरी मुलीचा साखरपुडा. मुलाकडचे सहा पाहुणे गाईचं दूध घेत नव्हते. आजार-बिजार काही नाही. म्हणे, गाईवर जुलूम होते. मी साहेबाले म्हटलं, "साहेब, आमच्या गावी गाईले आधी घास घालत आणि मग माणूस जेवत होता. जुलूम कोणावर, ते मले नका सांगू." साहेब हसले. म्हणाले, "महाराज, तुम्ही फक्त चहा करा." बदामाचं दूध त्यांनी बाहेरून मागवलं होतं, डब्यात. मी नेहमीसारखं आलं ठेचलं, टाकलं, उकळी आणली. पातेल्यात बघतो तर वर पाणी आणि खाली गाळ. सहा पाहुणे बाहेर बसलेले. मी मागच्या दारानं ते मोरीत ओतलं आणि काळा चहा लिंबू पिळून पाठवला. पाहुणे खूश! म्हणाले, "बहुत अच्छी समझ है आपके महाराज को."

त्यांची तारीफ मले झोंबली. हरलो होतो आणि शाबासकी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी गोल बाजारातून नारळ, तीळ आणि सोयाबीन आणलं, अभनपूरच्या बाजारातून ताज्या शेंगा आणल्या, आणि महिनाभर घरी तेच. बायको म्हणे, "लोक म्हातारपणी देव देव करतात, तुम्ही झाडं दुहून राहिले!"

पण शिकलो. ज्याले कामाचं असंन त्यानं घ्यावं. शेंगदाणे भिजवून सालं काढा, वाटा, मलमलीतून पिळा आणि मंद आचेवर ढवळत राहा, कच्चा वास जाईपर्यंत. त्याचं दही लागते. विरजण दह्याचं नाही, तर हिरव्या मिरचीच्या देठांचं. कोमट दुधात पाच-सहा देठ टाकून झाकून ठेवा. माझ्या सासूची युक्ती होती ती, दही संपलं की करत असे. नारळाचं पहिलं दूध घट्ट, ते खिरीले, पण विस्तवावरून उतरवल्यावर घालायचं. दुसरं पातळ, ते शिजवायले. सोयाबीन थंड वाटलं की हरभऱ्याच्या ओल्या पोत्यासारखं वासते, म्हणून उकळत्या पाण्यात गरमच वाटायचं. तिळाचं दूध सालीसकट काढलं तर कडू. तांदळाचं दूध सगळ्यात गरीब, त्यात चव नाही आणि ताकदही नाही, पण ते कोणाले बाधत नाही. लोक विचारत, यातलं चांगलं कोणतं? मी म्हणे, कोणासाठी पाहिजे ते आधी सांगा. चवीसाठी, वजनासाठी, का जिवासाठी.

त्या साहेबाच्या घरून गोष्ट पसरली की ब्राह्मणपाऱ्यातल्या महाराजाले बिना गाईच्या दुधाचं सगळं येते. त्याच नावावर मंजिरीताई माझ्या खोलीवर आल्या.

त्या रेल्वे कॉलनीतल्या. नवरा रेल्वेच्या ऑफिसात, माहेर नागपूरचं. सोबत पोरगी, जुई, सात वर्षांची, बारीक, डोळे मोठे. ताई दारातच म्हणाल्या, "महाराज, हिले दूध चालत नाही. न आवडण्याचं नाही, चालतच नाही. एक चमचा गेला तर गळा सुजते, श्वास अडकते. दोनदा दवाखान्यात ठेवलं."

"गाईचं की म्हशीचं?" मी विचारलं.

"कोणतंच नाही. दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूप नाही, खवा नाही. नारळाच्या आणि शेंगदाण्याच्या दुधावर वाढवली तिले मी. सोया द्यायचं तर पोट दुखते तिचं."

मग त्यांनी कामाचं सांगतलं. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी दुपारी नैवेद्याची पंगत, आणि पंगतीत पाटावर एक कुमारिका बसवतात, तिले देवी समजून आधी वाढतात. घरात पोरगी असून दर वर्षी शेजारची पोरगी आणून बसवत. जुई आतल्या खोलीत आपला डबा खात बसे. "या वर्षी हिलेच बसवायचं आहे," ताई म्हणाल्या. "वेगळं ताट नको, महाराज. सगळ्यांच्याच ताटात तेच, जे हिच्या ताटात. एकदा तरी हिले वाटू दे की ही पंगतीतली आहे."

मी म्हटलं, "एवढंच ना? सोळा पदार्थ करतो, गाईले न विचारता!"

जुई आतापर्यंत माझ्या कढया पाहत होती. म्हणाली, "कढ़ी भी बनेगी?" मराठी समजे तिले सगळी, पण बोले हिंदीच.

"बनंन."

"मैंने कढ़ी कभी नहीं खाई."

त्यांच्या सासूबाईंले हे पटलं नव्हतं. चार दिवस आधी मी भांडी पाहायले गेलो तर मोठ्या बाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून होत्या. "देवीले नारळाच्या दुधाचा नैवेद्य दाखवता? देवी काय कोकणातून आली काय?"

"बाई, चाखा आणि मग बोला," मी म्हटलं.

"मी चाखीन. देवीचं काय? तिले कोण विचारंन?" मग सुनेकडे न पाहता, "आमच्या घरात पोट्टी वाढवून राहिले की प्रयोग करून राहिले, काही समजत नाही. चार दिवस दूध पाजलं असतं दमानं, तर सवय झाली असती."

मंजिरीताई भिंतीकडे तोंड करून डबे पुसत राहिल्या. मले वाटलं, हिच्या बाजूनं फक्त माझी कढी उभी राहू शकते.

तो स्वयंपाक मी केला तसा आयुष्यात दुसरा केला नाही. घरची भांडी घेतलीच नाही, सगळी माझी, राखेनं दोनदा घासून नेली. पुरणपोळी शेंगदाण्याच्या तेलावर भाजली. आंबिलीले शेंगदाण्याच्या दह्याचं ताक. कढीले तेच दही, दोन दिवस आंबवलेलं, वरून तेलातली मेथी-मोहरीची फोडणी. गव्हाची खीर नारळाच्या पहिल्या दुधात, जायफळ घालून. मोठ्या बाईंनी कढी चाखली. परत वाटी पुढे केली. मंजिरीताईंनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मले अजून दिसते.

पाट मांडले. पंधरा-सोळा माणसं. पहिल्या पाटावर जुई, परकर-पोलकं, कपाळाले मळवट, हलत नव्हती की फूल पडंन. मी वाढत होतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, मग भाताची मूद, मुदीवर वरण. मी तिच्या पानासमोर वाकलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "महाराज, पक्का ना? इसमें दूध नहीं है ना?"

"पक्का, बेटा. एक थेंब नाही."

आता इथे बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगावं लागते. आपल्यात पान पूर्ण वाढून झालं तरी ते जेवायचं होत नाही. भातावर चमचाभर तूप पडलं की अन्न शुद्ध झालं, मग जेवायचं. त्याले अन्नशुद्धीच म्हणतात. ते चवीचं तूप नाही. ते आहे म्हणून बाकीचं अन्न. मी दुसऱ्यांच्या घरचं तूप यासाठी कधी वापरलं नाही. बाजारच्या तुपात काय असते देव जाणे. माझ्या पिशवीत माझ्या घरचं तूप राही, झाकणाच्या वाटीत, लोणी कढवलेलं, बेरीचा वास असलेलं. चाळीस वर्षं, पंगत कोणाचीही असो, शेवटी मी ती वाटी काढून ओळीनं एक एक चमचा सोडत गेलो. हात आपोआप जाते. माझ्या हातानं मले न विचारता ते केलं.

स्वयंपाकातून तूप मी काढलं होतं. वाढण्यातून काढलं नव्हतं. ती दोन वेगळी कामं आहेत, माझ्या डोक्यात तरी होती. मंजिरीताई तेव्हा आत देवीपुढे निरांजन लावून राहिल्या होत्या. पहिलं पान कुमारिकेचं, म्हणून पहिला चमचा तिथेच. कोणी हटकलं नाही; महाराजानं आणलं म्हणजे हेही बिना दुधाचंच, असं सगळ्यांले वाटलं असंन.

जुईनं वरण-भात कालवला. तीन-चार घास खाल्ले. कढीची वाटी तोंडाले लावली, माझ्याकडे पाहून हसली. मग खोकली. मले वाटलं, ठसका. मग ओठ मोठे दिसाले लागले. मंजिरीताई आतून आल्या, एकदा पाहिलं आणि जुईच्या हातातली वाटी ओढून फेकली. शेजाऱ्याची गाडी होती. मी मागे सायकलवर दवाखान्यात गेलो, एप्रन तसाच.

पोरगी वाचली. तीन दिवस ठेवली होती, पण वाचली. हे आधीच लिहून टाकतो.

त्या दुपारी डॉक्टरांनी मले बोलावलं. "महाराज, खाने में क्या-क्या था, एक-एक करके बताइए."

मी सांगतलं, सगळं, आणि आता सांगायले लाज वाटते, अभिमानानं सांगतलं. शेंगदाणे किती, नारळ किती, मिरचीचे देठ, तीळ, जायफळ.

"दूध, दही, मक्खन? कुछ गलती से?"

"नहीं साहब. एक बूंद नहीं. जबान देता हूं."

मंजिरीताई खुर्चीवर होत्या. म्हणाल्या, "महाराज, तूप नाही ना कशाले लावलं?"

"पोळ्या तेलावर भाजल्या, ताई. तुमच्यासमोर."

मी तेव्हा खोटं बोललो नाही. मले खरंच आठवलं नव्हतं. ती वाटी माझ्या डोक्यात खाण्याच्या यादीतच नव्हती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाले, मग यातलंच काहीतरी बाधलं असणार, दुधाशिवाय दुसरंही हिले चालत नसंन. नारळ, शेंगदाणा, तीळ, सगळं बंद. मोठं शहर गाठाल तेव्हा तपासणी करून घ्या, तोपर्यंत हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर भांडी धुवायले काढली. पिशवीच्या तळाले ती वाटी होती. नेली तेव्हा काठोकाठ होती. आता अर्धी.

मी नळ बंद केला. वाटी घेऊन तिथेच उकिडवा बसलो. बायको म्हणाली, "काहून बसले असे? चक्कर आली काय?" मी म्हटलं, "हव, चक्कर." चाळीस वर्षांच्या संसारात तिले मी एवढं एकच खोटं सांगतलं, आणि ती गेली तेव्हाही ते खोटंच राहिलं.

चार दिवसांनी रेल्वे कॉलनीत गेलो. सांगायलेच गेलो होतो. दार मोठ्या बाईंनी उघडलं. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "महाराज, तुम्ही मनाले लावून घेऊ नका. तुमचा काय दोष? तुमाले सांगतलं तसं तुम्ही केलं. हे सगळं आमच्या सुनेचं. झाडपाल्याचं दूध पाजून पाजून पोरीच्या अंगात विष केलं तिनं." आतल्या दारात मंजिरीताई उभ्या होत्या. ऐकून राहिल्या होत्या. मले पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि उठून आलो. एका बाईनं मले सोडून दिलं होतं आणि त्याच वाक्यात दुसरीले पकडलं होतं. मी सुटका घेतली.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. या वेळी ताई एकट्या होत्या. जुई ओट्यावर बसून कोरड्या पोळीचे तुकडे मोडून खात होती. आधीच बारीक, आता मनगटाची हाडं दिसत होती. मी विचारलं, "काय देता हिले?"

"तांदळाचं दूध. पेज म्हणा. बाकी सगळं बंद केलं ना डॉक्टरांनी." मग म्हणाल्या, "महाराज, मी इतकी वर्षं हिले नारळ आणि शेंगदाणाच देऊन राहिले होते. तेव्हा काही झालं नाही. मग त्या दिवशीच काहून? मी काय चुकले, तेच समजत नाही. रोज विचार करते."

बोल माझ्या ओठापर्यंत होता. देवाशप्पथ होता. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "पेज पचायले चांगली, ताई. थोडी साळीच्या लाह्यांची करून द्या, अजून हलकी पडते."

एवढं बोललो. लाह्यांची पेज कशी करायची तेही सांगतलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कागदावर लिहून घेतलं.

जुई म्हणाली, "महाराज, वो कढ़ी फिर बनाओगे?"

"नको ग," ताई म्हणाल्या. "कढीचं नाव नको काढू."

काहून बोललो नाही, ते विचाराल. पैशाची भीती नव्हती, माझे पोट्टे कमावते होते. भीती नावाची होती. रायपुरात आपल्या लोकांची घरं मोजकी. एका घरी आचाऱ्यानं लेकरू दवाखान्यात धाडलं म्हटलं की दहाव्या दिवशी सगळ्या घरी माहीत. आणि मी तो माणूस, ज्यानं मीठ कमी पडलं हेही कधी कबूल केलं नाही. मी उलट म्हणे, "तुमची जीभ पाहा." चूक झाली हे मले समजत होतं, पण कोणासमोर म्हणता येत नव्हतं. जमलंच नाही. आता पुढच्या वेळी सांगू, असं म्हणत राहिलो, आणि एक दिवस गेलो तर क्वार्टरले दुसऱ्याच नावाची पाटी. बदली झाली होती. कोणी म्हणे भुसावळ, कोणी म्हणे दक्षिणेत कुठे.

नाव वाचलं माझं. उलट वाढलं. लोक म्हणत, महाराजांनी तर जीव ओतला होता, पण असलं दूध चालतच नाही बुवा. पुढे बीरगावची एक बाई आली, नवरा कारखान्यात, लेकराले गाईचं दूध पचत नव्हतं. मी म्हटलं, "शेंगदाण्याचं दे, बाई, मी शिकवतो." ती म्हणाली, "नको महाराज, ऐकलं आहे मी. एका पोरीच्या जिवावर बेतलं होतं ना?" माझंच सोडलेलं खोटं माझ्या दारात येऊन मलेच समजावून राहिलं होतं. ती बाई परत गेली. तिच्या लेकराचं काय झालं मले माहीत नाही.

त्यानंतर मी नारळाचं दूध काढलं नाही. जे येत होतं ते सगळं विसरायचा प्रयत्न केला, विसरलो नाही. आता हात कापतात, कढई उचलत नाही. बायको गेली. पोरं म्हणतात, बाबा, हे छापू नका, आता काय फायदा. फायदा काही नाही, हे मलेही समजते. मंडळाचा अंक या शहरातल्या दोन-अडीचशे घरी जाते आणि रद्दीत जाते. भुसावळले जात नाही, दक्षिणेत जात नाही. पण मले लिहायलेच एवढी वर्षं लागली. तोंडानं सांगणं तर झालंच नाही.

मंजिरीताई, तुम्ही काही चुकल्या नव्हत्या. तूप होतं. भातावर, अन्नशुद्धीचं, माझ्या घरचं, माझ्या हातानं. नारळानं काही केलं नाही, शेंगदाण्यानं काही केलं नाही. डॉक्टरांले हे सांगा आणि त्यांले विचारून मग काय ते ठरवा. पण दोष त्या दुधाचा नव्हता आणि तुमचा तर नव्हताच.

जुई आता मोठी झाली असंन. कदाचित लग्नाची. कुठल्या तरी पंगतीत कोणी तिच्यासमोर नारळाची वाटी ठेवत असंन आणि ती हात आडवा करत असंन. काहून नको, विचारलं तर सांगत असंन, लहानपणी मले बाधलं होतं.